मांडीच्या हाडातला पू आणि चौथी शस्त्रक्रिया

वाचकांचे पत्र : माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असून शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत मोल्डिंगला होता. ११ महिन्यांपूर्वी दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी येताना उसाच्या ट्रॉलीला धडकून त्याचे उजव्या मांडीचे हाड मोडले आणि कातडी फाडून बाहेर आले. त्याच दिवशी जखम धुऊन आत रॉड घातला. दीड महिन्याने मांडीतून पू येऊ लागला. नंतर दोनदा ऑपरेशन करून आतून धुतले. औषध चालू असेपर्यंत पू थांबतो आणि बंद केले की पुन्हा येतो. हाड अजून जुळलेले नाही. आता एक डॉक्टर म्हणतात की रॉड काढून खराब हाड कापावे लागेल, ५-६ सेंटीमीटरची पोकळी पडेल आणि बाहेरून फ्रेम लावून वर्षभर उपचार चालतील. दुसरे डॉक्टर म्हणतात की जाड रॉड टाकला की जुळेल. मामा हाडवैद्याकडे न्यायचा आग्रह धरतात, आणि एका नातेवाइकाने तर पाय काढून टाकलेला बरा, असे त्याच्यासमोरच म्हटले. त्याला शुगर आहे, तंबाखूही आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?
एक बहीण, हातकणंगले तालुका

ताई,

औषध चालू असेपर्यंत पू थांबतो आणि बंद केले की पुन्हा येतो, हे तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. एक्स-रे न पाहताही त्यावरून एवढे सांगता येते की जंतूंचे ठाणे आत शाबूत आहे आणि आधीच्या दोन ऑपरेशनांत ते निघालेले नाही. त्यामुळे रॉड घालणारे डॉक्टर बरोबर की फ्रेम लावणारे बरोबर, असा निवाडा तुम्ही करत बसू नका. मेलेले हाड आणि जंतूंनी धरलेला धातू पूर्णपणे बाहेर काढण्याची योजना ज्यांच्यापाशी आहे आणि ती जे नीट समजावून सांगतात, त्यांचे ऐका. पोकळी कशी भरायची, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

हे ठाणे कसे तयार होते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल. मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत मोठे आणि मजबूत हाड आहे आणि ते मोडायला मोठा आघात लागतो. त्या आघातात हाडाभोवतीचे स्नायू आणि हाडावरचे आवरण फाटते, म्हणजे हाडाला बाहेरून मिळणारा रक्तपुरवठा तुटतो. हाडाच्या जाडीच्या आतल्या सुमारे दोन-तृतीयांश भागाला रक्त पोकळीतील वाहिन्यांकडून मिळते आणि त्या वाहिन्यांनाही मोडीमुळे व रॉड बसवताना इजा होते. बहुतेक रुग्णांत हा पुरवठा पुन्हा उभा राहतो. मात्र जखम उघडी असेल, त्यात रस्त्यावरची माती गेली असेल आणि हाडाचे काही तुकडे पूर्ण सुटे झाले असतील, तर ते तुकडे मरतात. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, आणि रक्त जात नाही तेथे गोळी किंवा सलाईनमधून दिलेले प्रतिजैविकही जात नाही. रॉडवर आणि अशा हाडावर जंतू चिकट थर तयार करून राहतात, ज्याला डॉक्टर बायोफिल्म म्हणतात. घराच्या गच्चीवरील टाकीत औषध टाकले की पाण्यातील जंतू मरतात, पण टाकीच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर घासल्याशिवाय जात नाही, तसेच हे आहे. भावाच्या मांडीतील सुटे जंतू औषधाने दर वेळी मरत आले, थर मात्र राहिला.

आता जाड रॉडबद्दल. हा सल्ला मुळात चुकीचा नाही. जंतुसंसर्ग नसलेले मांडीचे हाड जुळत नसेल, तर जुना रॉड काढून हाडाची पोकळी आतून खरवडायची आणि पहिल्यापेक्षा १-२ मिलिमीटर जाड रॉड बसवायचा, ही मान्य शस्त्रक्रिया आहे आणि तिचे निकालही चांगले येतात. परंतु पू वाहणाऱ्या पोकळीत साधा नवा रॉड घालणे म्हणजे जंतूंना नवा पृष्ठभाग देणे होय. त्या डॉक्टरांनी फक्त एक्स-रे पाहून मत दिले की मांडीवरचे पुवाचे छिद्रही पाहिले, हे त्यांना एकदा स्पष्ट विचारा. कदाचित त्यांच्या मनात प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा रॉड असेल. तो वेगळा उपचार आहे आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

शस्त्रक्रियेच्या आधीचे काही आठवडे फार मोलाचे असतात आणि आपल्याकडे तेच घाईत जातात. छिद्राच्या तोंडाशी कापूस फिरवून घेतलेल्या पुवाच्या तपासणीवर विसंबू नये, कारण तेथे कातडीवरचे जंतू सापडतात आणि खोल हाडातला खरा जंतू अनेकदा निसटतो. खात्रीची तपासणी म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी वेगवेगळ्या खोल जागांवरून, दर वेळी स्वच्छ हत्यार वापरून घेतलेले किमान ५ नमुने. ते प्रयोगशाळेत २ आठवड्यांपर्यंत ठेवावे लागतात, कारण काही जंतू सावकाश वाढतात. एक नमुना सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला आणि आपल्या देशात एक क्षयाच्या तपासणीलाही जायला हवा. आधीपासून प्रतिजैविके चालू असतील तर हे नमुने कोरे येण्याची भीती असते. म्हणून रुग्णाला ताप नसेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर सर्जन साधारण २ आठवडे आधी ही औषधे थांबवतात. ती थांबवण्याचा निर्णय मात्र त्यांचाच असावा. उरलेल्या गोळ्या मेडिकलमधून परत आणून अधूनमधून देणे आजपासूनच बंद करा, कारण त्यामुळे जंतू निर्ढावतात आणि रिपोर्टही फसतो. सीआरपी आणि ईएसआर या शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या उपचार लागू पडतो आहे का, हे पाहायला उपयोगी आहेत, परंतु त्या सामान्य आल्या म्हणून हाडात जंतू नाहीत, असे समजू नये. मेलेला तुकडा कोठे आहे आणि मोड खरोखर किती जुळली आहे, हे सीटी स्कॅनमध्ये एक्स-रेपेक्षा स्पष्ट दिसते.

तुमच्या भावाचे भवितव्य ज्या शस्त्रक्रियेवर अवलंबून आहे, ती साफसफाईची शस्त्रक्रिया आहे. तिला धुणे म्हटले जाते, त्यामुळे ती किरकोळ वाटते. पहिल्या दोन वेळी रॉड तसाच ठेवून आजूबाजूचा पू धुतला गेला असावा, असे तुमच्या पत्रावरून दिसते. अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, रॉडने हाड घट्ट धरलेले असताना, तसे करणे योग्यही असते, कारण हलणाऱ्या हाडात संसर्ग अधिक वाढतो. ११ महिन्यांनंतर, हाड जुळलेले नसताना आणि पू चालू असताना, ते कारण उरत नाही. आता रॉड आणि त्याचे सर्व स्क्रू काढावे लागतात, रॉड ज्या पोकळीत होता ती वरपासून खालपर्यंत खरवडावी लागते, छिद्रापासून हाडापर्यंत गेलेली पुवाची वाट कापून काढावी लागते आणि मेलेले हाड जिवंत भाग लागेपर्यंत कापावे लागते. कापलेल्या कडेवर रक्ताचे बारीक ठिपके उमटू लागले की सर्जन थांबतो. येथे हात आखडता घेतला तर पुढचे सारे वाया जाते. पहिल्या डॉक्टरांनी ५-६ सेंटीमीटर पोकळीचा आकडा सांगितला, तो ऐकून तुम्हा सर्वांना धक्का बसणे साहजिक आहे. मला मात्र तो आकडा आधीच मोकळेपणाने सांगणारा सर्जन अधिक विश्वासार्ह वाटतो. प्रत्यक्षात किती हाड जाईल हे ऑपरेशनच्या टेबलावरच कळते, आणि कधी एका वेळी समाधान होत नसेल तर काही दिवसांनी पुन्हा उघडून पाहावे लागते. या शस्त्रक्रियेत रक्तस्राव बराच होतो, म्हणून रक्ताची सोय आधीच करून ठेवा.

साफसफाईनंतर पोकळी रिकामी ठेवत नाहीत, कारण तेथे रक्त साठून जंतूंना पुन्हा जागा मिळते. सांधेबदलात वापरतात त्याच प्रकारच्या हाडाच्या सिमेंटमध्ये व्हॅन्कोमायसिन किंवा जेंटामायसिनसारखे उष्णतेत टिकणारे प्रतिजैविक मिसळून त्याचे मणी, ठोकळा किंवा रॉड बनवतात. सिमेंटमधून औषध तेथल्या तेथे झिरपते आणि शिरेतून दिलेल्या औषधापेक्षा कितीतरी अधिक मात्रा जागेवर मिळते. संसर्ग मुख्यतः हाडाच्या पोकळीत असेल आणि फारसे हाड कापावे लागले नसेल, तर बारीक सळईभोवती असे सिमेंट चढवलेला रॉड ६ ते ८ आठवडे ठेवून नंतर नेहमीचा रॉड आणि कंबरेच्या हाडाचा कलम, म्हणजे तेथून काढून येथे भरलेले हाड, एवढ्यावरही काम होते. दुसऱ्या डॉक्टरांना हेच अभिप्रेत असेल, तर त्यांच्या आणि पहिल्या डॉक्टरांच्या मतातील खरा फरक एवढाच उरतो की किती हाड मेले आहे, आणि तो सीटी स्कॅन समोर ठेवून मिटवता येतो.

मोठी पोकळी पडली तर दोन मार्ग आहेत. फ्रान्समधील सर्जन मास्केले यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत पोकळीत सिमेंटचा ठोकळा ठेवतात. त्याभोवती शरीर ६ ते ८ आठवड्यांत स्वतःच एक रक्तवाहिन्यांनी भरलेले पातळ आवरण तयार करते. मग ते आवरण जपून उघडून ठोकळा काढतात आणि त्या पिशवीत कंबरेच्या किंवा दुसऱ्या मांडीच्या हाडातून काढलेला हाडाचा चुरा भरतात. बाहेरची फ्रेम फार दिवस बाळगावी लागत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे. मात्र जंतू उरले असतील तर भरलेला सगळा कलम कुजून जातो, आणि शरीरातील कलमाचा साठा काही अमर्याद नसतो.

दुसरा मार्ग हाड सरकवण्याचा. सैबेरियातील कुर्गान शहरात डॉ. इलिझारोव्ह यांनी तो विकसित केला आणि १९८० साली कार्लो मॉरी हा इटालियन गिर्यारोहक नडगीच्या न जुळलेल्या जुन्या मोडीवर तेथे उपचार घेऊन परतल्यानंतर पश्चिम युरोपात त्याचा बोलबाला झाला. यात पोकळीपासून दूर, निरोगी भागात हाड मुद्दाम कापतात, सुमारे आठवडाभर थांबतात आणि मग कापलेला तुकडा रोज १ मिलिमीटर, तोही दर ६ तासांनी पाव मिलिमीटर असा, पोकळीकडे सरकवतात. मागे पडणाऱ्या अंतरात शरीर नवे हाड विणत जाते. ६ सेंटीमीटर सरकायला २ महिने लागतात, पण ते नवे हाड वजन पेलण्याइतके कडक व्हायला त्याहून कितीतरी अधिक काळ जातो. दर सेंटीमीटरमागे फ्रेम एक ते दोन महिने राहते, असा ढोबळ हिशेब धरला तर वर्षभराचा अंदाज कोठून आला ते कळेल. सरकलेला तुकडा पलीकडच्या टोकाला भिडतो तेथे बहुधा आणखी एक छोटी शस्त्रक्रिया करून कलम भरावा लागतो, हे आधीच मनाशी धरा, म्हणजे त्या वेळी उपचार फसले, असे वाटणार नाही.

मांडीला पूर्ण गोल रिंगा जांघेजवळ बसत नाहीत आणि दुसऱ्या मांडीला अडतात, म्हणून बाहेरच्या बाजूने एकच दांडा असलेला रेल फिक्सेटर अधिक वापरतात. तो लावल्यावर हाडाचा तुकडा सरकवणारा स्क्रू फिरवण्याचे काम घरच्यांकडे येते. घरातील दोघांनी ते रुग्णालयातच शिकून घ्यावे, दिशा कोणती हे दांड्यावर खूण करून ठेवावे आणि दर वेळी वहीत नोंद करावी. फिक्सेटर धरून ठेवायला हाडात बसवलेल्या पिनांभोवतीची कातडी लाल होणे, चिघळणे हे इतके सामान्य आहे की ते होणारच, असे समजून चाला. रोजची स्वच्छता आणि वेळीच दाखवणे एवढ्याने ते बहुधा आटोक्यात राहते. पिन सैल वाटली, पाय वाकडा दिसू लागला किंवा पावलात मुंग्या आल्या, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

गुडघ्याबद्दल मी थोडे अधिक लिहितो, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि दोन वर्षांनी तुमचा भाऊ तक्रार करील ती बहुधा गुडघ्याचीच असेल. मांडीचा पुढचा स्नायू जखमेने, वारंवारच्या ऑपरेशनांनी आणि पिनांनी हाडाला चिकटतो आणि गुडघा वाकेनासा होतो. हाड उत्तम जुळले तरी मांडी घालून बसता येत नाही, भारतीय बैठकीच्या संडासाला बसता येत नाही, मोटारसायकलवर पाय दुमडत नाही. फ्रेम असतानाच, दुखत असतानाच, दिवसातून अनेकदा गुडघा वाकवण्याचा व्यायाम करावा लागतो, आणि आठवड्यातून काही वेळा तरी फिजिओथेरपिस्टने तो करून घ्यावा. आज गुडघा किती अंशांत वाकतो हे शस्त्रक्रियेपूर्वी मोजून कागदावर घ्या. आधीच तो अडकला असेल, तर पुढे त्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया लागू शकते.

पाय आखूड राहण्याची भीती त्यामानाने लहान आहे. २ सेंटीमीटरपर्यंतचा फरक पादत्राणाच्या तळाला उंची देऊन भरून निघतो. आपल्याकडे चप्पल बनवणारे कारागीर ते काम सहज करतात, पण अंगठ्यात धरायची कोल्हापुरी त्यासाठी घेऊ नका, मागे पट्टा असलेलेच पादत्राण लागते.

प्रतिजैविके शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ आठवडे चालतात आणि कोणती द्यायची हे त्या खोल नमुन्यांच्या रिपोर्टवर ठरते. सर्व ६ आठवडे सलाईनच हवी, असा पूर्वी समज होता. ब्रिटनमधील एक हजारांहून अधिक रुग्णांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ओव्हिवा चाचणीने दाखवले की योग्य निवडलेल्या तोंडावाटेच्या औषधांनी हाडासांध्यांच्या संसर्गात निकाल कमी पडत नाही. तेव्हा डॉक्टरांनी काही दिवसांनी गोळ्यांवर आणले, तर उपचार हलका केला, असे समजू नका.

शुगर आणि तंबाखू हे दोन विषय तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकले आहेत, पण तुमच्या हातात खरोखर असलेले उपचार हेच आहेत. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसते आणि हाड जुळण्याची क्रिया मंदावते. ते विडीतून आले की चुन्याबरोबर मळलेल्या तंबाखूतून, याने हाडाला फरक पडत नाही. मिश्री हीसुद्धा तंबाखूच. शस्त्रक्रियेच्या निदान ४ ते ६ आठवडे आधीपासून कोणत्याही रूपातील तंबाखू पूर्ण बंद हवी आणि हाड पक्के होईपर्यंत बंदच हवी. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या आणि ती फार वाढलेली असेल, तर आधी फिजिशियनकडून आटोक्यात आणा. ११ महिने वाट पाहिलेल्या हाडाला आणखी महिनाभर थांबल्याने नुकसान होत नाही. हिमोग्लोबिन आणि रक्तातील प्रथिनेही पाहून घ्या. पायाच्या सुपावर आपल्या भागाचा मोठा विश्वास आहे. ते द्यायला माझी हरकत नाही, परंतु त्यावर समाधान मानून अंडी, डाळ, दूध आणि मटण-मासे कमी पडू देऊ नका, कारण सतत पू वाहणाऱ्या शरीरातून प्रथिने झपाट्याने कमी होतात.

मामांचा आग्रह मायेपोटी आहे, त्यांना दुखवू नका. पण हाडवैद्याचा लेप किंवा पट्टी मेलेल्या हाडापर्यंत पोहोचत नाही. छिद्र वरून बुजले तर पू आत कोंडतो आणि ताप, थंडी, क्वचित रक्तात जंतू पसरून जिवावर बेतते. मांडी एकाएकी सुजली, ताप भरला किंवा भाऊ असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

पाय काढण्याचा विषय त्याच्यासमोर पुन्हा कोणी काढू नये, हे घरातील मोठ्यांनी सांगावे. पायाचा रक्तपुरवठा किंवा संवेदना देणारी मुख्य नस (नर्व्ह) कायमची गेली असेल, संसर्ग जीव घेऊ लागला असेल किंवा शरीर लांबलचक उपचार सोसण्याच्या अवस्थेत नसेल, तेव्हा तो निर्णय घेतात आणि तेव्हा तो योग्यही असतो. ३४ वर्षांच्या माणसाच्या पावलात संवेदना आणि नाडी शाबूत असतील, तर आज ती वेळ नाही. मांडीतून पाय काढल्यावर कृत्रिम पायाने चालायला पुष्कळ अधिक शक्ती लागते, हेही त्या नातेवाइकांना माहीत नसावे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नियोजित शस्त्रक्रियांचे टप्पे बसतात का, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून शस्त्रक्रियेपूर्वी तपासून घ्या. भाऊ फाउंड्रीत ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, विमाधारक असेल, तर न जुळलेले हाड आणि उघड्या मोडीनंतरचा हाडाचा जुनाट संसर्ग हे दोन्ही ईएसआयच्या वाढीव आजारपण लाभाच्या यादीत आहेत, आणि सेवेच्या व वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असल्यास वेतनाच्या ८० टक्के लाभ २ वर्षांपर्यंत मिळू शकतो. अपघात कामावरून घरी येताना झाला असल्याने तो कामावरील इजा ठरतो का, हेही शाखा कार्यालयात विचारा, कारण त्या लाभाचा दर अधिक असतो.

कोल्हापुरात किंवा मिरजेत तिसरे मत घेणार असाल, तर अशा फ्रेमचे आणि हाड सरकवण्याचे काम नियमित करणारे सर्जन निवडा आणि त्यांनी याआधी बरे केलेल्या एखाद्या रुग्णाशी बोलता येईल का, असे संकोच न करता विचारा. जाताना पहिल्या दिवसापासूनचे सर्व एक्स-रे तारखेनुसार लावून, तिन्ही ऑपरेशनांच्या नोंदी, पुवाचे सर्व रिपोर्ट आणि कोणते प्रतिजैविक किती दिवस दिले याची यादी घेऊन जा. डिस्चार्ज कार्डावर रॉडच्या कंपनीचे आणि मापाचे स्टिकर असेल तर तेही जपून न्या, कारण अडकलेला रॉड काढायला लागणारी हत्यारे कंपनीनुसार वेगळी असतात आणि ती आधी मागवून ठेवावी लागतात.